भरवणारा हात

अंगणवाडीच्या दारात दोन वर्षांचा एक मुलगा उभा आहे असं समजा. गाल भरलेले, डोळे तरतरीत, हातात अर्धं बिस्कीट. कुणालाही विचारा, तब्येत छान आहे म्हणतील. आजी म्हणेल, आमच्याकडे सगळे असेच, आजोबांवर गेलाय. त्याला फळीवर आडवं झोपवून मोजलं तर लांबी भरते ८० सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यम लांबी ८७.८ सेंटिमीटर आहे आणि ८१.७ च्या खाली गेलेल्या मुलाची वाढ खुंटली असं धरतात. म्हणजे हा मुलगा सोळा महिन्यांच्या निरोगी बाळाएवढा आहे. दिसतोही सोळा महिन्यांच्या निरोगी बाळासारखाच, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही.

बरगड्या मोजता येतील असं मूल आपण वर्तमानपत्रातल्या फोटोंत पाहिलेलं असतं. ते वजनाचं कुपोषण. ते काही आठवड्यांत येतं आणि वेळेवर उपचार मिळाले तर काही आठवड्यांत आटोक्यातही येतं. उंचीचं कुपोषण महिनोन्‌महिने साचत जातं आणि कुठेच दुखत नाही. आई मुलाला घेऊन दवाखान्यात जाते ती ताप आला म्हणून, जुलाब लागले म्हणून. उंची कमी आहे म्हणून तान्ह्याला मांडीवर घेऊन कुणी रांगेत बसत नाही. मोजायलाही हे किचकट. वजनाला काटा पुरतो, लांबीला दोन माणसं लागतात. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून सरकती फळी तळव्यांना भिडवायची. मूल तोवर रडून गाव गोळा करतं आणि पाठीची कमान करतं. टाच जरा उचलली गेली की सेंटिमीटरभर इकडचं तिकडे. दोन वर्षांनंतर उभं करून मोजतात, तेव्हा तेच मूल पाऊण सेंटिमीटरने कमी भरतं. अंगणवाडी ताईंच्या वहीतल्या उंचीच्या आकड्यांवर नाक मुरडणाऱ्यांनी एकदा हे काम स्वतः करून पाहावं.

आता आजोबांचा मुद्दा. आपली माणसं मुळातच लहान चणीची, त्यांना नॉर्वेच्या पट्टीने का मोजायचं, हा प्रश्न रास्त होता आणि त्याची रीतसर तपासणी झाली आहे. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने सहा ठिकाणची सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली: दिल्ली, ओस्लो, घानातलं अक्रा, ओमानमधलं मस्कत, ब्राझीलमधलं पेलोटास आणि अमेरिकेतलं डेव्हिस. घरची परिस्थिती वाढीच्या आड येणार नाही, आई धूम्रपान करत नाही, बाळाला अंगावर पाजलं जातं, अशीच कुटुंबं निवडली होती. दक्षिण दिल्लीतली मुलं ओस्लोतल्या मुलांच्या जवळपास तेवढीच वाढली. आजचे वाढीचे तक्ते याच अभ्यासावरून २००६ साली आले. एका घरातला एक मुलगा उंच आणि दुसरा ठेंगणा, यात आनुवंशिकता असतेच. पण एखाद्या तालुक्यातलं पहिल्या दोन वर्षांतलं दर तिसरं मूल तक्त्याच्या खाली असेल, तर ते पणजोबांच्या माथी मारता येत नाही.

या वादाचा एक अध्याय पुण्यात लिहिला गेला. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचा विभाग उभा केला आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात काम करू लागले. माणसाचं शरीर कमी अन्नाशी एका मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, म्हणून उपाशी माणसांचे आकडे फुगवून सांगितले जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी संपादित केलेल्या १९८२ च्या पुस्तकात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हा धागा पुढे ताणला: बेताची बुटकी मुलं आजारी नाहीत, ती ‘लहान पण निरोगी’ आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन यांनी याला कडाडून विरोध केला. लहान असणं इतकं निरोगी असेल तर श्रीमंतांच्या मुलांसाठी ही मोजपट्टी का लावत नाही, हा त्यांच्या प्रतिवादाचा रोख. पुढच्या चाळीस वर्षांच्या पुराव्याने कौल गोपालन यांच्या बाजूने दिला. सुखात्म्यांचा दुसरा आग्रह मात्र विसरू नये. नुसतं धान्य वाढवून भागणार नाही, पाणी आणि स्वच्छता सुधारा, असं ते सांगत होते. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

वाढ नेमकी केव्हा खुंटते? बाळ जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर असतं. पहिल्या वर्षात ते २५ सेंटिमीटर वाढतं आणि दुसऱ्या वर्षात १२. जन्मानंतर पुन्हा कधीही, अगदी वयात येतानाही, माणूस पहिल्या वर्षाइतक्या वेगाने वाढत नाही. २०१० साली सेझार व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी ५४ देशांमधली आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा सगळीकडे साधारण एकच चित्र दिसलं: मुलं पहिल्या काही महिन्यांपासून तक्त्याच्या खाली घसरू लागतात, घसरण दुसऱ्या वाढदिवसापर्यंत चालते आणि मग रेषा सपाट होते. पुढे मूल वाढतं, पण राहिलेलं अंतर बहुतेकदा राहूनच जातं. (आज्या म्हणतात की बाळ एका रात्रीत वाढतं. त्यात तथ्य आहे. मिशेल लॅम्पल यांनी १९९२ मध्ये बाळांची लांबी वारंवार मोजली, तेव्हा अनेक दिवस काहीच वाढ नाही आणि मग एका दिवसात अर्धा सेंटिमीटर किंवा जास्त, अशा उड्या दिसल्या.)

घसरणीचा काही भाग जन्माआधीच ठरलेला असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांमधल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन पावणेतीन किलोच्या आत होतं. गरोदरपणी ज्या बायकांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त होतं त्यांची बाळं मोठी होती. महाराष्ट्रात २०१२ साली झालेल्या पोषण सर्वेक्षणाचं विश्लेषणही हेच सांगतं. कमी वजनाच्या बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता अडीच पट, आणि आईची स्वतःची उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर दुप्पट. म्हणजे आजच्या बाळाच्या लांबीत त्याच्या आईचं बालपणही मोजलं जातं. या प्रकरणाचा विषय मात्र उरलेला भाग आहे, सहाव्या महिन्यापासून चोविसाव्या महिन्यापर्यंतचा. त्यात घरातल्या माणसांच्या हातात काही असतं. किती असतं, हाच प्रश्न.

सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं. मध, घुटी, वरचं पाणी, काही लागत नाही. सहाव्या महिन्यानंतर आईचं दूध पौष्टिकच राहतं, फक्त बाळाची गरज त्याच्या पुढे निघून जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षाच्या पुढे ५५०. लोह आणि जस्त यांची तूट तर त्याहून मोठी. आपल्याकडे उष्टावण थाटात होतं. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर चाटवतात, फोटो निघतात. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. काही घरांत उष्टावणानंतरही आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत बाळाला नीट जेवण म्हणून काही मिळत नाही, दात आले की बघू म्हणतात. जिथे मिळतं तिथे वरणाचं पाणी मिळतं.

या वरणाच्या पाण्यावर जरा थांबायला हवं, कारण ते फार प्रेमाने दिलं जातं. डाळ शिजवायची, खाली बसू द्यायची आणि वरचं निवळ पाणी बाळाला. पचायला हलकं म्हणून. डाळीतलं सत्त्व त्यात उतरतं अशी समजूत आहे. उतरतं ते थोडं मीठ, थोडी चव. डाळ पातेल्यातच राहते आणि मोठ्यांच्या ताटात जाते. भाताच्या पातळ पेजेची कथा तीच. एक ग्रॅम पेजेत अर्धी कॅलरीसुद्धा नसते, आणि बाळाचं पोट केवढं? वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाला एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त मावत नाही. तेवढ्या पेजेने पोट टम्म होतं, बाळ तोंड फिरवतं, आईला वाटतं जेवलं. शरीराच्या हिशेबात ते बहुतांशी पाणी प्यालेलं असतं. वाढीच्या कामाला ऊर्जा आणि प्रथिनं कमी पडली की शरीर आधी जगण्याचा खर्च भागवतं, हाडांची लांबी वाढवायचं काम पुढे ढकलतं.

घट्ट द्यावं तर बाळाला गिळता येत नाही, पातळ करावं तर त्यात काही उरत नाही. या पेचावर एक जुना आणि सुंदर उपाय आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. नाचणी, गहू किंवा बाजरी भिजवून मोड आणायचे, सुकवून दळायचं. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते पिष्टाचे लांबलचक रेणू तोडतं. चमच्याला चिकटून राहील इतकी घट्ट लापशी शिजवा, ती गरम असताना त्यात या पिठाचा लहान चमचा टाका आणि ढवळत राहा. काही मिनिटांत ती चमच्यावरून धारेने पडू लागते. पीठ तेवढंच, पाणी तेवढंच, फक्त बाळाला पिता येईल इतकी सैल. प्रयोगशाळेत शिरण्याआधीपासून ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात होती. मोड आणून केलेलं नाचणीचं सत्त्व आजीच्या डब्यात असायचं. पीठ खरपूस भाजलं तर मात्र विकर मरतं आणि किमया होत नाही. तेवढं जमत नसेल तर याहून सोपा मार्ग आहे: वरणाखालची डाळ मऊ भातात कुस्करा, वर तेल किंवा तूप सोडा, मीठमसाल्याआधी बाजूला काढा. मोडाचं पीठ न टाकलेली लापशी चमच्यावरून ओघळून जात असेल तर ती पातळ, चमच्यावर बसून राहिली तर बरोबर. एवढी एक खूण आशाताई आणि अंगणवाडी ताई घरोघर दाखवतात, आणि एखादं भाषण ऐकवण्यापेक्षा ती जास्त कामाची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे किती वेळा. लहान पोटाला दोन वेळच्या जेवणाचा नियम चालत नाही. आठ महिन्यांपर्यंत दोन-तीनदा, नंतर तीन-चारदा आणि मध्ये खाऊ. वर सांगितलेल्या महाराष्ट्राच्या सर्वेक्षणात, दिवसातून किमान आवश्यक तेवढ्या वेळा ज्यांना खायला मिळत नव्हतं अशा मुलांमध्ये वाढ खुंटण्याची शक्यता ६३ टक्क्यांनी जास्त आढळली. तिसरी गोष्ट विविधता. त्याच विश्लेषणात अंडं न खाणाऱ्या मुलांमध्ये हा धोका दुप्पट होता, आणि दूधदुभतं, फळं-भाज्या न मिळणाऱ्यांची लांबी कमी भरत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी फक्त ११.३ टक्के मुलांना किमान पुरेसा आहार मिळतो. हा आकडा निव्वळ गरिबीचा असता तर सुस्थितीतल्या घरांत तो बऱ्यापैकी वर असायला हवा होता. तिथेही तो फारसा वर नाही. तिथे पेजेची जागा चहात बुडवलेल्या बिस्किटाने घेतलेली असते आणि दुपारच्या भुकेची जागा दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाने. मूल शांत होतं, भूक मरते.

अंड्याबद्दल थोडं सावध राहायला हवं. इक्वाडोरच्या डोंगराळ कोटोपाक्सी प्रांतात लोरा इयानोटी यांनी सहा ते नऊ महिन्यांच्या १६३ बाळांचा प्रयोग केला. निम्म्यांना सहा महिने रोज एक अंडं. २०१७ साली निष्कर्ष आला: अंडं मिळालेल्यांत वाढ खुंटण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी. जगभर गाजावाजा झाला. मग तोच प्रयोग मलावीत केला आणि लांबीत काही फरक पडला नाही. तिथली बाळं आधीपासून मासे खात होती. म्हणजे चमत्कार अंड्यात नसतो, ज्या ताटात प्राण्यांपासून मिळणारं काहीच नाही त्या ताटात ते पडण्यात असतो. महाराष्ट्राने आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं द्यायला सुरुवात केली आणि न खाणाऱ्यांना केळी. अंड्यावरून सोवळं-ओवळं करणाऱ्यांनी निदान मेळघाट आणि नंदुरबारच्या मुलांच्या ताटात हात घालू नये, असं माझं मत आहे.

आतापर्यंत वाटीत काय, ते पाहिलं. वाटीतलं पोटात कसं जातं, याकडे संशोधकांचं लक्ष बरंच उशिरा गेलं. दहा महिन्यांचं बाळ जेवतं कसं ते पाहा. पहिले चार घास भराभर. मग चमचा हिसकावून घ्यायचा. मग दारातून गेलेली शेळी. मग तोंडातला घास बाहेर काढून त्याची तपासणी. भरवणारं माणूस इथे उठलं तर जेवण संपलं. बसून राहिलं, बोललं, चिऊ-काऊचे घास केले, दोन मिनिटं थांबून पुन्हा चमचा पुढे केला, तर आणखी सहा-सात घास जातात. वाटी अर्धी की पूर्ण, हे त्या दहा मिनिटांत ठरतं. याच्या उलट टोकाला नाक दाबून कोंबणं आहे, आणि शहरी घरांत मोबाईलवर गाणं लावून नकळत भरवणं. दोन्हींत बाळाला स्वतःची भूक ओळखायला शिकायची संधी मिळत नाही. खेड्यात आणखी एक अडचण असते. धाकटं भावंडांच्या ताटातच जेवतं. सहा वर्षांच्या दादाच्या वेगाने त्याला खाता येत नाही आणि त्याने किती खाल्लं हे कुणालाच सांगता येत नाही. बाळाची वाटी वेगळी ठेवा, हा सल्ला किरकोळ वाटतो, पण त्याने निदान मोजमाप सुरू होतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या ६० गावांत हे तपासून पाहिलं. सुमारे सहाशे आया आणि बाळं, तीन गट. एकात नेहमीच्या अंगणवाडी सेवा. दुसऱ्यात कार्यकर्त्या घरी जाऊन काय आणि किती द्यायचं ते शिकवत. तिसऱ्यात त्याबरोबर बाळाच्या खुणा ओळखून कसं भरवायचं आणि त्याच्याशी कसं खेळायचं, हेही. बाळं तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पाहिली. शिकवलेल्या दोन्ही गटांत बाळांच्या पोटात जास्त अन्न गेलं आणि तिसऱ्या गटातल्या बाळांचे मानसिक विकासाचे गुण पहिल्या गटापेक्षा सरस ठरले. कुणालाही धान्याचं पोतं दिलेलं नव्हतं.

आजारपणातही हाच भरवणारा हात कामी येतो. जुलाब लागले की खाणं बंद करायचं, अंगावरचं दूधसुद्धा तोडायचं, ही सवय अजून गेलेली नाही. दुसऱ्या वर्षात बाळ वरचेवर कशाने ना कशाने आजारी असतं. दर आजारात चार दिवस उपास आणि नंतर भूक मेलेली असली, तर वर्षभरात किती दिवस वाढ बंद राहिली याचा हिशेब ज्याने त्याने करावा. क्षार-संजीवनी, जस्ताच्या गोळ्या, चालू जेवण, आणि बरं झाल्यावर पंधरा दिवस एक जेवण जास्त. यातल्या शेवटच्या गोष्टीची आठवण फारच कमी घरांत राहते.

हे सगळं वाचून, आयांना अक्कल नाही, त्यांना शिकवा, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. सरकारी पोस्टरं बऱ्याचदा तोच काढतात. पण बीड जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडावर जाणारं जोडपं घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे चारच्या आधी उठते, भाकरी थापून बांधून घेते, उजाडायच्या आत फडात. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीत भरणं. दीड वर्षाचं पोर बांधावर पाचटात किंवा कोपीत आठ वर्षांच्या बहिणीजवळ. सकाळच्या भाकरीचा तुकडा त्याच्या हातात असतो. दिवसातून चार वेळा मऊसर, ताजं, बसून भरवा, हे तिला कुणी सांगायचं? तिला ते पटेलही. चार वेळा कोयता खाली ठेवायची मुभा तिच्याकडे नाही.

वेळ नाही तिथे अधिकारही नसतो. महाराष्ट्राच्याच विश्लेषणात असं दिसलं की घरात अन्नाबाबत निर्णय घ्यायचा अधिकार ज्या आयांना नाही त्यांच्या मुलांची लांबी कमी आहे. डायन कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी ग्रामीण भारतातल्या एकत्र कुटुंबांचे आकडे तपासले. घर तेच, चूल तीच, आजी-आजोबा तेच, तरी धाकट्या जावेची मुलं थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा बुटकी. धाकटी सगळ्यांच्या मागून जेवते, सगळ्यांचं सांगितलेलं काम करते आणि गरोदरपणीही तिला थोरलीइतका आराम मिळत नाही. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली आणखी एक गोष्ट दाखवली. भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलाच्या तुलनेत मागे नाही. घसरण दुसऱ्या मुलापासून सुरू होते आणि प्रत्येक क्रमांकाला वाढते. मुलगा होईपर्यंत वाट पाहणाऱ्या घरांतल्या मुलींच्या वाट्याला काय येतं, ते यात आलं. ही सगळी संगोपनाचीच अंगं आहेत, फक्त ती आईच्या हातात नाहीत.

म्हणून मला छत्तीसगडमधल्या फुलवाऱ्या फार महत्त्वाच्या वाटतात. बिलासपूरजवळच्या गनियारीतल्या जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने आदिवासी पाड्यांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरं सुरू केली. गावातलीच बाई मुलांना दिवसभर सांभाळते आणि ठरावीक वेळांना भरवते. आई शेतावर जाते, थोरली बहीण शाळेत जाते. अंगणवाडी या वयाच्या मुलासाठी घरी नेण्याचं पाकीट देते. फुलवारी भरवणारं माणूस देते. पाकीट स्वस्त पडतं हे उघड आहे, पण त्यातला आहार अनेकदा घरातल्या सगळ्यांत वाटला जातो किंवा चव आवडली नाही म्हणून गोठ्यात जातो.

महाराष्ट्राची कामगिरी या बाबतीत एकाच वेळी उत्साहाची आणि निराशेची आहे. २००५ साली व्ही. रमणी या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं आणि पहिली दोन वर्षं हे लक्ष्य ठरलं. दोन वर्षांखालील मुलांमध्ये खुंटलेल्या वाढीचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, २०१२ मध्ये ते २३ टक्क्यांवर आलं. इतक्या थोड्या काळात इतकी घट क्वचितच कुठे झाली असेल. श्रेय एकट्या मिशनचं नव्हतं. त्या काळात उत्पन्न वाढलं, मुलींची लग्नं लांबली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. त्यानंतर मात्र गाडी अडली. पाच वर्षांखालील मुलांचा आकडा २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ३५.२. वयोगट वेगळा, पाहणी वेगळी, म्हणून आधीच्या आकड्यांशी याची थेट तुलना करू नये. पण चार वर्षांत काही हललं नाही, एवढं नक्की.

सुखात्म्यांच्या पाण्याचं आणि स्वच्छतेचं काय झालं? बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये हजारो कुटुंबांवर मोठे प्रयोग झाले, निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. चांगले संडास, हात धुण्याची सोय, क्लोरीन टाकलेलं पाणी, एवढ्याने मुलांच्या लांबीत काहीच फरक पडला नाही. पूरक आहार आणि भरवण्याचं शिक्षण दिलेल्या गटांत फरक पडला, पण तो लहान होता. घरोघरचा संडास पुरेसा नाही, सगळा परिसरच स्वच्छ हवा, असं काही अभ्यासक आता म्हणतात. ते खरंही असेल. वाढ खुंटण्याला एक कारण नाही आणि एक उतारा नाही, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं.

मग या सेंटिमीटरांमागे लागायचं तरी कशासाठी? ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात दोन खेड्यांतल्या मुलांना आटोले हे प्रथिनयुक्त पेय मिळालं आणि दोन खेड्यांत नुसतं गोड सरबत. आटोले प्यालेली मुलं तिसऱ्या वर्षी अडीच-तीन सेंटिमीटरने उंच होती. ती मोठी झाल्यावर संशोधक त्यांना पुन्हा शोधत गेले. पहिल्या दोन वर्षांत आटोले मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तिसऱ्या वर्षानंतर ज्यांना ते मिळालं त्यांच्या मजुरीत असा फरक नव्हता.

जमैकातली गोष्ट याहून चक्रावून टाकणारी आहे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली नऊ ते चोवीस महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी चार गटांत वाटली. एका गटाला आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एक तास यायची आणि टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन आईला मुलाशी खेळायला, वस्तूंची नावं घ्यायला, त्याचं कौतुक करायला शिकवायची. तिसऱ्या गटाला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. भुकटीने उंची थोडी वाढवली, पण वीस वर्षांनी त्या लाभाचा माग लागला नाही. ज्यांच्या घरी तासभर खेळ झाला होता ती मुलं बाविसाव्या वर्षी इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त कमवत होती. शेजारच्या, नीट वाढलेल्या मुलांइतकी त्यांची कमाई होती. उंची मात्र त्यांना गाठता आली नव्हती.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीने महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांमध्ये ‘आरंभ’ हा कार्यक्रम यवतमाळ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांपासून सुरू झाला, तो याच धाग्यावर. त्यात पालक मेळावे भरतात. वाट्या-चमचे, बांगड्या, शेंगा, कापडाची चिंधी यांची खेळणी मांडलेली असतात. बाळाला काय भरवायचं ते सांगितलं जातं आणि भरवताना त्याच्याशी काय बोलायचं तेही. बापांनाही आवर्जून बोलावतात. सुरुवातीला ते मागे भिंतीला टेकून उभे राहतात.